हिरव्या काठाची चुंबळ

गुरुवार, १५ जानेवारी २०२६

लेकीने, संघमित्राने, दिलेली ही वही तीन वर्षं कोरी पडून होती. आज उघडली, कारण आजची गोष्ट नोंदवून ठेवायलाच हवी. माझा बाप सिनेमात येणार.

सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज आला तेव्हा वाटलं, पुनर्विकासवाले सहीला आले. आमच्या मजल्यावर आता चारच खोल्यांत माणसं आहेत. बूट घालून दुसरं कोण येणार? दारात तिशीचा एक दाढीवाला उभा. “तांबे सर? ते खांद्याच्या भाषणवाले?”

त्याचं नाव सुशांत, दिग्दर्शकाचा सहायक. त्यांचा सिनेमा युद्धकैद्यांच्या सुटकेवर आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपले शिपाई धरून पूर्वेच्या एका बेटावर डांबले, साडेतीन वर्षं राबवले, उपाशी मारले, आणि शेवटी दोस्त राष्ट्रांची एक तुकडी होड्या घेऊन पोचली, तिची ही गोष्ट. माझे वडील, शिपाई भिवा तांबे, तसल्याच छावणीत होते. कुणीतरी माझं भाषण मोबाईलवर चढवलंय. ते दिग्दर्शकाने पाहिलं आणि पटकथेचा शेवटच बदलला.

“सर, तुमची ती लाइन आली ना, अख्खी टीम गप. काटा आला अंगावर!”

ती ओळ मी १९७७ पासून म्हणतो आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कुठलं मैदान तिच्याशिवाय राहिलेलं नाही. “ज्यानं माझ्या बापाला पाण्याला शिवू दिलं नाही, त्या दगडूला माझ्या बापानं खांद्यावर घेऊन होडीत घातलं!” इथे टाळ्यांसाठी मी मनात चार आकडे मोजेपर्यंत थांबतो. आज सुशांतपुढे म्हटली तेव्हाही सवयीने थांबलो. समोर तो एकटा. वाजवल्या बिचाऱ्याने.

सल्लागार म्हणून माझं नाव पडद्यावर येईल. आणि भिवा तांबे हे नाव, जात-गाव-पलटणीसकट, तसंच्या तसं. हे मी लिहून घेतलं. आमची माणसं लढली ती नेहमी बिननावाची लढली. ते आता चालायचं नाही.

सोमवार, १९ जानेवारी

शिवडीच्या एका रिकाम्या गोदामात छावणी उभी केली आहे. बांबूच्या झोपड्या, काटेरी तार, पहाऱ्याचा मचाण. पलीकडे खाडीचा चिखल, तो म्हणजे समुद्रकिनारा. चिखलात हजारो फ्लेमिंगो उभे. मी सुशांतला म्हटलं, “त्या बेटावर हे पक्षी नव्हते.” तो म्हणाला, “कॉम्प्युटरवर पुसणार सर. टेन्शन नॉट.”

या बाजूला एकतीस वर्षं मी गोदीत टॅली क्लार्क होतो. आलेला माल मोजायचा, गेलेला मोजायचा. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून गेटवर थोडा रेंगाळलो. चहावालाही बदललाय.

मला खुर्ची दिली. पाठीवर इंग्रजीत माझं नाव. ताठ बसलो.

शनिवार, २४ जानेवारी

आज माझा दिवस होता. कैदी झालेले दोनशे ज्युनिअर आर्टिस्ट सकाळपासून मोबाईलवर खेळत होते. दिग्दर्शक वैतागला. सुशांत म्हणाला, “सर, दोन शब्द बोला ना यांच्याशी. चार्ज करा.” माइक हातात आला आणि वीस वर्षं गळून पडली. मी भूक सांगितली, चाबूक सांगितला. मग पिशवीतून चुंबळ काढून वर धरली. डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवायची कापडाची कडी, घरोघरी असते तशी. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडली. “हिच्यावर माझ्या बापाने गुलामीचं ओझं वाहिलं!” नंतर दगडू, खांदा, होडी. दोनशे माणसं उभी राहिली. त्यातला एक पुढे येऊन पाया पडला. मी त्याला उचलला. आमच्यात पाया पडत नाहीत हे सांगितलं, पण बरं वाटलं.

दुपारी कपडेपटातली सीमा चुंबळ मागायला आली, भिवा झालेल्या नटाला तशीच करून द्यायची म्हणून. उलटसुलट करून म्हणाली, “सर, हे लुगड्याच्या काठाचं आहे. हिरवा काठ, आत जर पण होती. छावणीत लुगडं कुठनं आलं?”

मी म्हटलं, “बाई, गुलामाला जे मिळेल ते तो डोक्यावर घेतो. तुम्ही शिवणकाम बघा.”

उगाच तोडून बोललो. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

रविवार, १ फेब्रुवारी

संघमित्राचा फोन. बंगळूरला पाऊस नाही, थंडी नाही, सगळं ठीक. मी तिला सिनेमात दलित शिपायाला आजवर किती जागा मिळाली ते समजावून सांगितलं. पाऊण तास. शेवटी म्हणाली, “बाबा, तुम्ही फोनवर पण भाषणच करता. जेवलात का ते तरी सांगा.” मी म्हटलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. ती “बरं” म्हणाली.

आजच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आली आहे, ‘डिलाईल रोडच्या भिवाची शौर्यगाथा पडद्यावर’. चार प्रती आणल्या. कुणाला द्यायच्या ते ठरलेलं नाही.

बाबा महिन्याचा पहिला रविवार घरी नसायचे. गिरणीला सुट्टी, बाकीच्यांचे बाप पोरांना राणीच्या बागेत न्यायचे, आमचा सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून निघायचा तो दुपारी दीडला यायचा. आई, जाईबाई, म्हणायची, “त्यांचं काम असतं.” कसलं, ते तिने सांगितलं नाही. युनियनचं असणार असं मी धरून चाललो. लहानपणी मी त्या दिवशी गॅलरीत बसून पाठांतर करायचो. माझं सगळं पाठांतर त्या रविवारांचं आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. मत नंतर.

बातमी वाचून एका बाईने सुशांतकडून माझा नंबर मिळवला. कालिंदी परब, वय पंच्याऐंशी, पालिकेच्या शाळेतून निवृत्त, लग्न केलं नाही, लालबागला आईच्याच खोलीत एकट्या राहतात. “मी दगडू परबांची मुलगी,” म्हणाल्या. मला वाटलं, बाप वाचवल्याबद्दल आभार मानायचे असतील. भाषणाला आणखी एक साक्षीदार! चिंचपोकळीचा पूल ओलांडून पायी गेलो. चुंबळ सोबत घेतली.

दुसरा मजला. खोली स्वच्छ, भिंतीवर शिपायाच्या वेषातला एक फोटो. मला खुर्ची, त्या पलंगावर. चहा झाला. मग त्यांनी बातमी उलगडली.

“तांबे, यात लिहिलंय की तुमच्या वडलांनी माझ्या वडलांना खांद्यावरून होडीत नेलं.”

“होय.”

“मग ते घरी का नाही आले?”

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “ते लढाईवर गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझी आई, रमाबाई, तिला शेचाळीस साली भिवाकाकांनी येऊन सगळं सांगितलं. दारात उभे राहून. मी पाच वर्षांची, आईच्या लुगड्याला धरून.”

त्यांनी सांगितलं ते असं. सुटकेची तुकडी पहाटे छावणीत शिरली. ओहोटीआधी होड्या निघायच्या होत्या. चालू शकतील त्यांनी किनाऱ्याकडे पळायचं, न चालणाऱ्यांना दोघा-दोघांनी उचलायचं. दगडूचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. तो म्हणाला, भिवा, आधी घोटभर पाणी. भिवा डबा घेऊन ओढ्यावर गेला. ओढा किनाऱ्याच्या वाटेवर होता. माणसं धावत होती. एका गोऱ्याने दंड धरून त्याला रांगेत ढकललं. तो सुटू शकला असता. सुटला नाही. होडीत बसला. होडी निघाली तेव्हा डबा हातातच होता, भरलेला.

“सांडला नाही, वहिनी, असं सारखं म्हणत होते. सांडला नाही आणि प्यायलो पण नाही.”

मी म्हटलं, “पुढे?”

“पुढे ते आईला म्हणाले, मला तुमच्याकडे पाणी भरू द्या. तेव्हा नळ खाली चौकात. आणि तेव्हाची चाळ. तुमचा हात नळाला लागला म्हणून बायकांनी कल्लोळ केला. मी खोटं नाही सांगणार. त्यांना सगळ्यांचं भरून झाल्यावर नळ मिळायचा, अकरा वाजायचे. तिथे उभे राहायचे. पण तो पहिला हंडा त्यांनी उंबऱ्यावर आणून ठेवला ना, तेव्हा आईने सगळ्या गॅलरीदेखत पेला बुडवला आणि प्यायली. सासू ओरडत होती. आई म्हणाली, ‘माझ्या घोवाक नाय गावलां, माका तरी गावांदे.’ नवऱ्याला नाही मिळालं, मला तरी मिळू दे. भिवाकाका तिथेच खाली बसले. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला.”

महिन्याचा पहिला रविवार. पस्तीस वर्षं. आत कधी आले नाहीत. बाईंची आई म्हणायची या, तर म्हणायचे, दगडू आला की येईन.

मी नकळत पिशवीतून चुंबळ काढून हातात धरली होती. बाईंनी ती घेतली, काठावरून अंगठा फिरवला.

“ही तुमच्याकडे आहे होय? आईने शिवली. बाबा परत येतील त्या दिवशी नेसायचं म्हणून एक हिरव्या काठाचं लुगडं तिने घडी न मोडता ठेवलं होतं. बावन्न साली काढलं आणि फाडलं. भिवाच्या डोक्याला हंडा रुततो म्हणाली.”

निघताना दारापर्यंत आल्या. “माझी एकच विनंती आहे. माझ्या वडलांना होडीत बसवू नका. आई मरेपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षं, मनाने त्या ओढ्याशी बसली होती. आणि अजून एक. माझ्या वडलांनी तुमच्या वडलांना पाण्याला शिवू दिलं नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? माझे वडील तीन वर्षं तुमच्या वडलांच्याच डब्यातून पीत होते.”

बुधवार, ११ फेब्रुवारी

मत लिहितो.

माझ्या बापाला एका मराठ्याच्या घरी पाणक्या करून ठेवला होता. पस्तीस वर्षं! ज्या पाण्यासाठी आमच्या लोकांनी डोकी फोडून घेतली त्या पाण्याच्या नळावर हा माणूस सगळ्यांचं झाल्यावर उभा राहायचा, आणि मी इकडे मैदानांत ओरडत होतो. दुःख त्यांना, पाणी आमच्या डोक्यावर. बाई गोड बोलतात, शिक्षिका आहेत. एकीने पेला बुडवला म्हणून चाळ शुद्ध होत नाही.

आणि समजा, तो होडीत बसला. बसला! साडेतीन वर्षांच्या भुकेनंतर कोण बसणार नाही? त्याचा हिशेब मी का द्यायचा? आमच्या पोरांना एक खांदा हवा आहे, पडद्यावर, चाळीस फूट उंच. तो मी एका म्हाताऱ्या बाईच्या सांगण्यावरून काढून घ्यायचा?

नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

तीन दिवस कुणाशी बोललो नाही. दूधवाल्याशी बोललो.

दगडू हे नाव मला कुठून मिळालं ते लिहून टाकतो, हे कुणी वाचणार नाही. पंचाहत्तर साली बाबांना टायफॉइड झाला. तापात रात्रंदिवस एकच म्हणत होते, “दगडूला उचला. अरे, दगडूला उचला.” बरे झाल्यावर विचारलं, कोण दगडू? म्हणाले, छावणीत होता, परब, लालबागचा. आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढंच. बाकीचं मी रचलं. वक्ता काय करतो? मोकळ्या जागा भरतो. उचला म्हणतात म्हणजे उचललं असणार. परब, म्हणजे शिवू देत नसणार. दोन अंदाज, आणि ओळ तयार.

सत्त्याहत्तरच्या जयंतीला ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा बाबा तिसऱ्या रांगेत होते, पांढऱ्या शर्टात. टाळ्या सुरू झाल्या आणि ते उठले. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेले. मी स्टेजवरून पाहत होतो. घरी आल्यावर आई म्हणाली, “त्यांना धूळ बाधते.” त्यानंतर चार वर्षं जगले, माझ्या भाषणाला आले नाहीत. मी धूळच धरून चाललो होतो.

काल कालिंदीबाईंना फोन केला. विचारलं, माझ्याबद्दल ते काही बोलायचे का?

“बोलायचे ना. मुलगा फार छान बोलतो म्हणायचे.”

“काय बोलतो ते?”

“ते कधी नाही सांगितलं.”

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुशांतला घरी बोलावून सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला.

“सर, प्लीज. मंगळवारी क्लायमॅक्स आहे. चारशे माणसं, सहा होड्या, खाडीची भरती बघून वेळ काढलीय.”

“दगडूला होडीत घालू नका.”

“मग भिवा काय करणार होडीत? एकटा बसून?”

“डबा धरून बसेल.”

त्याने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, “सर, मला स्वतःला हे जास्त आवडलं, खरं सांगतो. पण हिरो दोस्ताला सोडून पळाला असं दाखवलं, आणि तो हिरो तुमच्या समाजाचा... सिनेमाघरं जाळतील.”

त्याचं चूक नव्हतं. खाली विकासला भेटलो. तो जयंती उत्सव समितीचा अध्यक्ष, माझ्या हाताखाली भाषणं शिकलेला. त्याने ऐकलं आणि आवाज चढवला. “तांबेसर, डोक्यावर पडलात काय? पन्नास वर्षांनी एक आपला माणूस हिरो होतोय आणि तुम्ही त्याला पळपुटा करताय? कुणासाठी, त्या परबीणबाईसाठी? उद्या ते लोक आपल्यालाच ऐकवतील, बघा, असेच तुम्ही.”

हे सगळे मुद्दे माझेच होते. अकरा तारखेला याच वहीत लिहिलेत. पण त्याच्या तोंडून ऐकताना मला मैदानातून उठून जाणारा पांढरा शर्ट दिसत राहिला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

चुंबळ खिशात घेऊन गेलो.

भरती चढत होती. होड्या चिखलापलीकडे तयार. चारशे कैदी तारेमागे, अंगाला राख फासलेले. भिवा झालेला नट दंड फुगवून तालीम करत होता. दगडू झालेला पोरगा चिप्स खात होता. दिग्दर्शक लांबून म्हणाला, “तांबेजी, दोन शब्द!” आणि माइक आला. सुशांतने माझ्याकडे पाहिलं. थांबवलं नाही.

मी म्हटलं, “मित्रांनो, मागच्या महिन्यात मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे. माझ्या वडलांनी दगडूला उचललं नाही. ते त्याच्यासाठी पाणी आणायला गेले आणि होडीत बसले. दगडू तिथेच राहिला. मग माझे वडील पस्तीस वर्षं दगडूच्या बायकोकडे पाणी भरत होते. ही चुंबळ त्या हंड्याची आहे. मी ती ओझ्याची म्हणून तुम्हाला दाखवली. संपलं.”

चार आकडे थांबलो. सवय. कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी विचारलं, “मग आता पळायचं की नाय?” सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. जवळ येऊन माझा खांदा दाबला आणि म्हणाला, “ब्यूटिफुल, सर. पण वो दूसरी फिल्म है.” मग भोंगा झाला, माणसं धावली. भिवाने दगडूला खांद्यावर घेतला आणि चिखल तुडवत होडीकडे गेला. फ्लेमिंगो एकदम उडाले. सुंदर दिसत होतं. मी जन्मभर नेमकं हेच सांगत होतो, आणि आज मला ते बघवेना.

खुर्चीवरचं माझं नाव संध्याकाळपर्यंत काढलेलं होतं.

रविवार, १ मार्च

सुशांतचा फोन. वकिलांनी सांगितलं म्हणून नावं बदलली. भिवा आता कुणी समशेर आहे, गाव नाही, जात नाही. दगडूचं नावही गेलं. माझा करार रद्द. “सॉरी सर,” म्हणाला.

म्हणजे दगडू परब होडीत बसत नाहीत. बाईंचं काम झालं. त्यांना कळवलं. म्हणाल्या, “आणि तुमचे वडील?” मी म्हटलं, “तेही नाहीत.”

संघमित्राचाही आला. मी फार बोललो नाही. तिच्या ऑफिसात एकीला बाळ झालंय, तिने नवीन मिक्सर घेतलाय, दोन महिने रात्री नीट झोप लागत नाही. हे शेवटचं तिने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “सांगितलं होतं बाबा. जानेवारीत.”

मंगळवार, १४ एप्रिल

एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा मला बोलवलं नाही. विकासने पत्रिकाही पाठवली नाही. सकाळी अभिवादन करून आलो. लोकांनी जय भीम घातला, पण कुणी थांबलं नाही. संध्याकाळी गॅलरीतून मैदानावरचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. विकास बोलत होता. चांगला बोलतो. थांबतो कुठे, चढतो कुठे, सगळं माझं. आणि मग माझी ती ओळ आली, खांद्याची. नाव फक्त भिवा. “आपला एक भिवा!”

टाळ्या फार पडल्या. मी आत येऊन दार लावून घेतलं.

ती ओळ आता माझ्याने परत घेववत नाही. ती लोकांची झाली.

रविवार, ३ मे

महिन्याचा पहिला रविवार. सकाळी आठला निघालो, टॉवेल आणि चुंबळ घेऊन. चिंचपोकळीच्या पुलावर दोनदा थांबलो. बाबा थांबत असतील का? त्यांचं वय तेव्हा कमी होतं.

कालिंदीबाईंनी दार उघडलं. टॉवेलकडे पाहिलं.

“अहो, नळ आला घरात, त्र्याऐंशी साली. आता कसलं पाणी भरताय?”

“एक कळशी द्या.”

“तुमचं वय काय? जिना बघितलात ना?”

“त्र्याहत्तर. द्या.”

पलंगाखालून त्यांनी पितळेची कळशी काढली. चौकातला जुना नळ अजून आहे. तिथे एक जण स्कूटर धूत होता. मी म्हटलं, तुमचं होऊ दे. तो म्हणाला, “घ्या की काका, तुम्ही आधी घ्या.” मी म्हटलं, नको, तुमचं झाल्यावर. तो विचित्र नजरेने बघत राहिला. त्याची स्कूटर धुऊन झाली, पुसून झाली. मग मी कळशी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली, वर कळशी.

डोक्यावर पाणी घेऊन मी आयुष्यात चाललेलो नाही. मान वाकवता येत नाही, खाली बघता येत नाही, पायरी पायाने शोधावी लागते. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. तोंडाने श्वास घेताना बोलता येत नाही. पहिल्या मजल्यावर एका बाईने विचारलं, “काय झालं? पाणी नाही का आज?” मी पायाने पुढची पायरी शोधत होतो.

कळशी उंबऱ्यावर ठेवली. बाई पेला घेऊनच उभ्या होत्या.

“हे स्कूटर धुवायचं पाणी आहे,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

त्यांनी पेला बुडवला, वर धरून उजेडात बघितला, आणि प्यायल्या. सगळा नाही, दोन घोट. गॅलरीत बघायला कुणी नव्हतं.

“आता आत या,” म्हणाल्या.

फेब्रुवारीत मी याच दारातून ताठ आत गेलो होतो, खुर्चीवर बसलो होतो, चहा प्यायलो होतो. आज उंबऱ्यापाशी खाली बसलो. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. आतून खुर्ची ओढत आणली आणि दारात बसल्या. दम जाईपर्यंत अर्धा तास गेला. त्यांच्या गुडघ्याबद्दल त्या बोलल्या, मी ऐकलं.

आता घरी आलो आहे. चुंबळ निथळून निघाली होती, ती गॅलरीत दोरीवर टाकली आहे. काठाचा हिरवा रंग ओला झाल्यावर गडद दिसतो, हे मला माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ती माझ्याकडे कोरडीच होती.